शेजारी नावाचा नातेवाईक

स्मृतिभ्रंश झालेला माणूस स्वतःचे घर विसरतो, तेव्हा त्याला हाताला धरून घरी आणणारा पुष्कळदा शेजारी असतो. इतिहासात त्याची नोंद होत नाही. जपानने ती केली, म्हणून तो इतिहास आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

१९७२ साली सावाको अरियोशी यांच्या कादंबरीने भ्रमिष्ट सासऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेची दमछाक साऱ्या देशापुढे मांडली. १९८० मध्ये क्योटोत अशा कुटुंबांची संघटना उभी राहिली. २००४ मध्ये सरकारने आजाराचे हिणवणारे जुने नाव बदलले. २००५ पासून दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुले यांना सुमारे दीड तासाचे प्रशिक्षण देऊन ‘साहाय्यक’ करण्याची मोहीम सुरू झाली. त्यांची संख्या पुढे एक कोटीवर गेली.

तरीही २००७ मध्ये आइची प्रांतातले ९१ वर्षांचे गृहस्थ, पत्नीचा डोळा लागला असताना बाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडले. रेल्वे कंपनीने कुटुंबाकडेच भरपाई मागितली. वृद्ध पत्नी आणि दूर राहणारा मुलगा यांच्यावर ती जबाबदारी टाकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण त्याला २०१६ साल उजाडले.

आपल्याकडचा २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांना जबाबदार धरतो. अपत्य नसेल, तर ‘नातेवाईक’ म्हणजे मालमत्तेचा वारस. मोहल्ल्यातल्या चाचांना रोज जेवण पोचवणारी शेजारीण या व्याख्येत कुठेच बसत नाही. तिला वारसा नको असेल. पण ती आजारी पडली तर चाचांकडे कोण पाहणार, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.