रस्त्यावरचा चेहरा: माँट्रिऑल आणि न्यूयॉर्क
सार्वजनिक जागी टिपलेले अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र कलाकृती ठरले, की तिची संमती गैरलागू होते काय? माँट्रिऑलमध्ये इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र १९८८ मध्ये एका कलाविषयक नियतकालिकाने तिला न विचारता छापले. त्यात बदनामीकारक काहीच नव्हते, हे विशेष. तरीही कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकच्या हक्कसनदेच्या आधारे तिची २,००० डॉलरची भरपाई बहुमताने कायम केली. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये टिपलेल्या चेहऱ्यांच्या प्रती हजारो डॉलरना विकल्या गेल्या. परंतु न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये त्यांना कलाच मानले. तेथील १९०३ चा कायदा जाहिरात व व्यापार यांपुरताच. तक्रारदार ज्यू गृहस्थांचा आक्षेप प्रतिमानिषेधाच्या श्रद्धेतून आलेला होता. न्यायालयाने त्याची दखल घेतली, दाद मात्र दिली नाही.