यदृच्छेत इच्छा नाही

संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकात ‘यादृच्छिक’ हा शब्द आला की वाचणारा जरा अडखळतो आणि मनाशी फोड करून मोकळा होतो: यद् अधिक इच्छा, म्हणजे ज्याला जसं वाटेल तसं. ही फोड चुकीची आहे. यद् आणि इच्छा यांचा संधी ‘यदिच्छा’ असा होईल. मधला ऋ कुठून आणायचा? शब्द आहे यदृच्छा, आणि त्यात ‘ऋ’ हा जाणे, येऊन पोहोचणे या अर्थाचा धातू आहे. त्याचं वर्तमानकाळी रूप ऋच्छति. कोणी न बोलावता जे समोर येऊन ठाकतं, ती यदृच्छा. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचं कारण काय असावं याचा विचार चालतो, तिथे काळ, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीला यदृच्छाही बसली आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात न मागता दाराशी आलेल्या युद्धाला हाच शब्द लावला आहे.

गोंधळ मात्र जुना आहे. अमरकोशानेही यदृच्छेचा अर्थ स्वैरिता असा दिला. साहित्यात तो चालेल. नमुना निवडताना नाही चालणार, कारण तिथे सगळी खटपट असते ती निवडणाऱ्याची इच्छा बाहेर ठेवण्याची.

ही खटपट पाहायची तर पिकाचं उत्पन्न अजमावण्यासाठी होणाऱ्या पीक कापणी प्रयोगाला जावं. तालुक्यातून गावं, गावातून शेतं आणि शेतातून एक तुकडा, अशी टप्प्याटप्प्याने निवड होते आणि प्रत्येक टप्प्यावर चिठ्ठीचं काम यादृच्छिक अंकांचं कोष्टक करतं. शेतात पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे नैऋत्य कोपरा शोधणं. तिथून शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, मग अंकांच्या जोडीप्रमाणे इतकी पावलं लांबीकडे, इतकी रुंदीकडे चालत जायचं आणि जिथे थांबाल तिथे खुंटी ठोकायची. बऱ्याच पिकांना 10 बाय 5 मीटरचा तुकडा दोरीने आखतात. आतलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. (नैऋत्य ही निर्ऋतीची दिशा, आणि निर्ऋती या नावातही तोच ऋ धातू आहे. यदृच्छेची पावलं त्याच कोपऱ्यातून मोजायला लागतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

खुंटी कधी पीक उत्तम असलेल्या जागी पडते, कधी नेमकी पाणी साचून पिवळ्या पडलेल्या पट्ट्यात. ‘जरा इकडं सरका की, साहेब,’ असं कोणीतरी म्हणतंच. त्यात लबाडी असते असं नाही. विम्याची भरपाई या वजनावर ठरते, त्यामुळे सगळ्या गावाचा जीव त्या 50 चौरस मीटरमध्ये अडकलेला असतो. पण खुंटी एकदा सरकली की तो यादृच्छिक नमुना राहत नाही.

इच्छा किती बारीक फटीतून आत शिरते हे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेल्या सुखात्म्यांनी लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ नेमन यांच्या हाताखाली नमुनाशास्त्र शिकून घेतलं आणि परत येऊन ते शेतात उतरवलं. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापण्याच्या पक्षाचे होते. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्रफळाच्या मानाने काठ मोठा, आणि काठावरच्या रोपांचा वाटाही मोठा.

आता ‘स्तरित’ नमुना, म्हणजे आधी क्षेत्राचे भाग पाडून प्रत्येकातून वेगळी निवड करण्याची पद्धत. स्तर म्हटलं की आपल्याला एकावर एक रचलेलं काही आठवतं, कारण स्तराचं मराठी रूप ‘थर’ आपण दहीहंडीला दरवर्षी मोजतो. पण मूळ धातू ‘स्तृ’, म्हणजे पसरणे, अंथरणे. विस्तार आणि प्रस्तर त्याचेच, आणि आपलं घरगुती अंथरूणही ‘आस्तरण’ याच शब्दातून आलं. इंग्रजीत या पद्धतीच्या नावातला ‘स्ट्रॅटम’ हा लॅटिन शब्दही पसरणे याच अर्थाच्या धातूचा आहे, आणि तो धातू आपल्या ‘स्तृ’चा सख्खा भाऊ. म्हणून ‘स्तरित’ हे नुसतं भाषांतर नव्हे, ते एकाच घरातलं नाव आहे.

नकाशा समोर असला की हा पसरण्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. जुन्नर तालुका घ्या. पश्चिमेला डोंगरातली भातखाचरं, मधे कुकडीच्या पाण्यावरची बागायत, पूर्वेला बाजरीचा कोरडवाहू पट्टा. हे तीन स्तर एकमेकांवर नाहीत, शेजारी शेजारी अंथरलेले आहेत. सगळ्या तालुक्यातून एकदम ठिपके उचलले तर सगळे बागायतीत पडण्याचा धोका राहतो. आधी स्तर पाडले आणि प्रत्येकातून त्याच्या वाट्याचे ठिपके घेतले की तो धोका टळतो. तालुका जितका ओळखीचा, तितके स्तर नेमके पडतात. पुढचं काम मात्र यदृच्छेवर सोडायचं असतं. ‘सोडत’ या आपल्या शब्दात हे सोडणं आहेच.

‘नकाशा’ अरबी ‘नक्श’वरून, म्हणजे कोरणे, रेखाटणे, नक्षी त्याचीच बहीण. ‘नमुना’ फारसी, दाखवणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. क्यूजीआयएससारख्या संगणकीय नकाशा-प्रणालीत हे सगळे शब्द एकत्र नांदतात: बहुभुजाकृती स्तर, त्यांच्यात पडणारे यादृच्छिक बिंदू, प्रत्येकाला अक्षांश-रेखांश. पावलं मोजायची गरज उरत नाही.

खुंटी सरकवण्याची सोय मात्र इथे जास्तच आहे. एखादा बिंदू कड्याच्या टोकावर पडला, एखादा रस्त्यापासून फार लांब गेला, की बटण पुन्हा दाबता येतं, मनासारखी मांडणी येईपर्यंत दाबता येतं, आणि नकाशावर त्याची काही खूण राहत नाही. म्हणून जाणकार बिंदू पाडण्याआधीच संगणक ज्या आकड्यापासून सुरुवात करतो तो बीजअंक ठरवून नोंदवहीत लिहून ठेवतात. तोच बीजअंक, तीच आज्ञावली आणि तेच स्तर घेतले तर तेच बिंदू पुन्हा मिळतात आणि कोणालाही ते ताडून पाहता येतात. कड्यावरचा बिंदू गाठता आला नाही, तर त्याच्या जागी जायचे राखीव बिंदूही त्याच वेळी, त्याच क्रमाने काढलेले असतात.