अज्ञान, सज्ञान आणि अरण्य : 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीची ऐतिहासिक बाजू

कायद्याच्या मराठी परिभाषेत वयात न आलेल्या व्यक्तीस 'अज्ञान' व वयात आलेल्या व्यक्तीस 'सज्ञान' म्हणतात. १८७५ च्या कायद्याने ही मर्यादा १८ वर्षांची ठरविली. मात्र ज्याची मालमत्ता कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात असेल त्याच्यासाठी ती २१ ठेवली. ज्याच्यावर सरकारी पालक, त्याचे अज्ञानपण तीन वर्षांनी लांबावे, ही तरतूद मोठी बोलकी आहे. विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीचा इतिहासाच्या अंगाने विचार करताना प्रथम तिचे स्मरण होते.

कारण जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या, अरण्यभागात एका व्यक्तीचे नव्हे तर समग्र जमातीचे पालकत्व सरकारने स्वीकारले होते. १९३५ च्या कायद्यानुसार १९३६ मध्ये अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतील धानोरा, मुरुमगाव, रांगी इत्यादी जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरल्या. गव्हर्नरने तसा आदेश काढल्यावाचून विधिमंडळाचा कायदा तेथे लागू होत नसे. या व्यवस्थेत संरक्षणाचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १८७८ व १९२७ चे वनकायदे मात्र या 'लेकरां'ना वयाची सवलत देत नव्हते. हक्काच्या प्रसंगी गोंड अज्ञान आणि गुन्ह्याच्या प्रसंगी सज्ञान, असा हा विलक्षण न्याय होता.

कादंबरीचा नायक जुरू हा माडिया तरुण याच न्यायाचा वारसदार होय. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) मधील मुकुंद आणीबाणीच्या काळात नववीच्या वर्गात मोठा होतो. त्याचे हरवलेले बाळपण हे त्याचे एकट्याचे असते. जुरूला बाहेरचे जग भेटते ते वनखात्याचा नोकर, पोलीस, व्यापारी आणि पुढे बंदूकधारी क्रांतिकारक यांच्या रूपाने. १९८० मध्ये नक्षलवादी या भागात आले; २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुरूच्या वाट्याला येणारे शहाणपण या घडामोडींपासून वेगळे काढता येत नाही.

तथापि जुरूला 'निरागस आदिवासी' म्हणून संबोधण्याची जी वाचकांची सवय आहे, ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. १९३६ ची पालकदृष्टीच तीत सहानुभूतीचा वेष घेऊन परत येते. माडिया समाजाने मुलांना वयात आणण्याची आपली व्यवस्था निर्माण केली होती. ग्रिगसनने १९३८ च्या ग्रंथात डोंगरी माडियांच्या गोटुलाचे वर्णन केले आहे. तेथे अविवाहित मुलगे झोपत, पाहुणा उतरे. (एल्विनचा १९४७ चा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरियांविषयी आहे. त्यातील मुलामुलींच्या सहवासाचे चित्र गडचिरोलीच्या माडियांवर बिनदिक्कत चिकटविले जाते, ते थांबावे.) अशा समाजातला तरुण रान, ऋतू आणि नातीगोती जाणतो, जाणत नाही तो सरकारी कागद. तेव्हा जुरूचा प्रवास अज्ञानाकडून ज्ञानाकडे होत नाही. एका ज्ञानाची किंमत शून्य होऊन त्याला दुसरे विकत घ्यावे लागते, आणि तेही परक्या भाषेत.

भाषेच्या या मुद्द्यावर कादंबरीची साधन म्हणून असलेली मर्यादाही स्पष्ट होते. लेखक हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात दीर्घकाळ वावरलेले; बाबा आमटे यांनी हा प्रकल्प १९७३ मध्ये सुरू केला. त्यांची जवळीक निर्विवाद आहे. परंतु जुरूची बोली माडिया, द्राविड कुळातली. त्याचे मन आपल्यापर्यंत पोचते ते मराठीतून. येथेही कोणीतरी त्याच्या वतीने बोलत आहे. कादंबरीतील घटनांपेक्षा माडिया समाजाकडे पाहण्याच्या सुशिक्षित मराठी दृष्टीत झालेल्या पालटाचा पुरावा म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते.

पालकत्व उठण्याची कथा कादंबरीबाहेर पुढे चालू राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अज्ञान मुलाच्या नावे मालमत्ता असू शकते, ती त्याला विकता मात्र येत नाही. मेंढ्याच्या बांबूचे तसेच झाले. तो गावाबाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिला होता. परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते एप्रिल २०११ मध्ये.