वाहते नाक : कारणे, उपचार आणि सावधगिरी

नाक वाहणे हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. नाकातील श्लेष्मल त्वचा श्वासातील हवेला ओलावा देते आणि धूळ व जंतू चिकट स्रावात अडकवते. निरोगी माणसातही हा स्राव सतत तयार होतो व नकळत गिळला जातो. या त्वचेला दाह झाला की स्राव वाढतो आणि नाक गळू लागते.

पडसे की ॲलर्जी?

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे विषाणूजन्य पडसे. ते निर्माण करणारे २०० हून अधिक विषाणू ज्ञात आहेत. घसा खवखवणे, कणकण व अंगदुखी यांसह आलेले पडसे बहुधा ७ ते १० दिवसांत ओसरते. ॲलर्जीत ताप नसतो. लागोपाठ शिंका, नाक व डोळ्यांना खाज आणि पाण्यासारखा स्राव अनेक आठवडे टिकतो. गोव्यातील दीर्घ पावसाळ्यात भिंतींवर व कपाटांत धरणारी बुरशी त्यास कारणीभूत ठरू शकते. अशा वेळी बुरशी पुसून काढणे व खोल्या हवेशीर ठेवणे हाही उपचाराचाच भाग होय.

उपचार

शेंबूड पिवळा वा हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविके हवीत, हा समज चुकीचा आहे. साध्या पडशातही रंग बदलतो आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. विश्रांती, पुरेसे द्रवपदार्थ आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयुक्त ठरते. मात्र ते पाणी उकळून गार केलेलेच असावे. चोंदलेले नाक मोकळे करणारे औषधी थेंब काही दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. ॲलर्जीवरील काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेतल्यावर वाहन चालवू नये.

लहान मुलांबाबत विशेष दक्षता हवी. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण असलेली सर्दीची औषधे ४ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिले. घरातील जुन्या बाटलीतले औषध मुलास परस्पर पाजू नये. वाफ देताना भांडे कलंडून मुले भाजतात, तर एक वर्षाखालील बाळास मध वर्ज्य आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

त्रास १० दिवसांहून अधिक राहिल्यास, बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढल्यास अथवा चेहरा ठणकत असल्यास तपासणी करून घ्यावी. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास आत चिंचोका, मणी यांसारखी वस्तू अडकलेली असू शकते. ती घरी उकरून काढू नये. धाप लागणे किंवा तान्ह्या बाळाने दूध न ओढणे, तसेच डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.