बीचवर्थची भिंत: मनोरुग्णालयापासून दहा खाटांच्या घरापर्यंत

#थ्रेड

१/ ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांवर बीचवर्थ नावाचे जुने गाव आहे. तेथील टेकडीवर एकोणिसाव्या शतकात एक विलक्षण भिंत उभारली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला ती ठेंगणी दिसे, आतल्या माणसाला मात्र ती ओलांडता येऊ नये इतकी उंच होती. कारण आतल्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी उतरता चर खणलेला होता. तिला ‘हा-हा भिंत’ म्हणत. ती तेथील मनोरुग्णालयाची भिंत होती.

२/ १८५१ साली व्हिक्टोरियात सोने सापडले आणि लोकसंख्या झपाट्याने वाढली. मेलबर्नजवळचे यारा बेंड येथील १८४८ चे मनोरुग्णालय अपुरे पडू लागले. म्हणून १८६७ साली राजधानीपासून दूर, बीचवर्थ आणि अरारात या सोन्याच्या खाणींच्या प्रदेशांतील गावी, दोन मोठी मनोरुग्णालये सुरू झाली. मोकळी हवा, शेतीकाम, ठरलेली दिनचर्या आणि शांतता यांनी मन सावरते, अशी तत्कालीन वैद्यांची श्रद्धा होती. मूळ हेतू क्रूर नव्हता, हे इतिहास वाचताना विसरता कामा नये.

३/ परंतु संस्था भरत गेल्या. अपस्माराचे रुग्ण, मतिमंद मुले, मद्यपी, विस्मरण झालेले वृद्ध असे सारेच एका आवारात येऊ लागले. १८८४ साली इफ्राइम झॉक्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. विशीतला तरुण येथे आला, तर त्याच्यासाठी निराळी वाट नव्हती. ज्या वयात माणूस शिक्षण, व्यवसाय आणि मैत्री यांची घडी बसवतो, ती वर्षे भिंतीआड जात.

४/ विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटू लागले. १९४९ साली मेलबर्नजवळच्या बंदूरा येथे जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवून दिला. पुढच्या दशकात मनोविकारांवरील नवी औषधे आली. १९५५ च्या स्टोलर अहवालाने देशभरातील मनोरुग्णालयांतील दाटी व दुरवस्था वेशीवर टांगली. हळूहळू मोठ्या संस्था बंद करण्याचे धोरण आकाराला आले. मेलबर्नमधील क्यू येथील मनोरुग्णालय १९८८ साली, तर बीचवर्थचे १९९५ साली बंद झाले.

५/ येथे इतिहास सुखान्त वाटतो. तसा तो नाही. भिंत पडली, पण तिच्या जागी काय उभे राहिले? १९९३ च्या बर्डेकिन अहवालाने मनोरुग्णांच्या मानवी हक्कांची झालेली उपेक्षा नोंदवली. त्यात तरुणांचा आणि दूरच्या ग्रामीण भागातील लोकांचा स्वतंत्र विचार होता. जो तरुणही होता आणि खेड्यातलाही, त्याच्या वाट्याला ही उपेक्षा दुहेरी आली. एक तर शहरातले रुग्णालय, नाही तर घरातली खोली.

६/ दुसरी अडचण वयाची होती. बालसेवा अठराव्या वर्षाच्या आसपास संपत आणि प्रौढांच्या सेवा तेथून सुरू होत. बहुसंख्य मनोविकार पंचविशीच्या आत डोके वर काढतात. म्हणजे गरज जेथे सर्वाधिक, नेमकी तेथेच सेवेची फट होती. पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मेलबर्नमध्ये तरुणांतील मनोविकृतीवर आरंभीच उपचार करणारे केंद्र काढले. २००६ साली ‘हेडस्पेस’ ही देशव्यापी सेवा आली. तेथे तरुणांना दिवसा सल्ला आणि उपचार मिळतात. पण ज्याला काही आठवडे रात्रीही सोबत हवी, त्याने जायचे कुठे?

७/ याचे एक उत्तर ‘पार्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवासी केंद्रांतून आले. रुग्णालय आणि घर यांच्या मधली ही पायरी आहे. प्रकृती ढासळू लागली की रुग्णालयात जाण्याआधी येथे यावे, किंवा रुग्णालयातून सुटल्यावर घरी परतण्याआधी येथे थांबावे. शेपर्टन येथे प्रौढांसाठी असे केंद्र प्रथम निघाले. पुढे तरुणांसाठी ‘वाय-पार्क’ आले. सोन्यामुळेच वसलेल्या बेंडिगो शहरात असे एक केंद्र आहे. साधारण १६ ते २५ वयोगट, दहा खाटा आणि काही आठवड्यांचा मुक्काम. स्वयंपाक, खरेदी, भेटायला येणारे कुटुंबीय आणि पुढच्या शिक्षणाची वा नोकरीची आखणी, हे सारे तेथे उपचाराचाच भाग असते.

८/ दीडशे वर्षांतील खरा बदल ‘अंतर’ या शब्दाच्या अर्थात आहे. बीचवर्थ शहरापासून दूर होते, कारण रुग्णाला त्याच्या जगापासून दूर न्यायचे होते. बेंडिगोचे केंद्रही राजधानीपासून दीडशे किलोमीटरांवर आहे, पण ते तेथे आहे ते त्या भागातील तरुणाला त्याच्या माणसांजवळ राहता यावे म्हणून. मात्र फ्रँक्स्टन आणि डँडेनाँग येथील केंद्रे मेलबर्नच्याच परिसरात निघाली. राज्याच्या प्रत्येक विभागात असे केंद्र हवे, ही शिफारस येण्यासाठी २०२१ सालचा आणखी एक शाही आयोग लागला.

९/ आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांची मुळे त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या काळात आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णालय व घर यांमधल्या निवासी सोयी पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्या सोयी कुठे उभ्या राहतात आणि कुणाच्या गावापासून किती दूर, हे आपल्या पिढीने विचारले पाहिजे.

१०/ आज बीचवर्थच्या त्या ओसाड इमारतींत रात्री पर्यटकांना भुतांच्या गोष्टी सांगत फिरवले जाते. आपल्यासारख्या इतिहासप्रेमींना अशा जागांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण तेथे राहिलेली माणसे भुते नव्हती. त्यांतील कित्येकांना कदाचित काही आठवड्यांची सोबत आणि घरी परतण्याची वाट एवढेच पुरले असते. तेथे कधी गेलात, तर ती भिंत आतल्या बाजूने पाहा.