बंदूक हातात होती, म्हणून ती पीडित नाही?

आजची गोष्ट कोलंबियाची. तिथे सरकार आणि 'फार्क' ही डावी बंडखोर संघटना पन्नासहून जास्त वर्षं लढत होती. 2016 मध्ये शांतता करार झाला. फार्कमध्ये हजारो बायका होत्या. आमच्यात बाई-पुरुष समान, असं संघटना सांगायची.

आता एका मुलीचं ऐका. कोर्टाच्या कागदांत तिला एलेना म्हटलंय, खरं नाव गुप्त आहे. 14 वर्षांची असताना ती फार्कच्या हाती लागली. मूल होऊ नये म्हणून तिला जबरदस्तीने औषधं दिली. तरी दिवस गेले, तेव्हा तिच्या मनाविरुद्ध गर्भपात केला. कारण? लढणाऱ्या बाईला मूल नको, हा संघटनेचा नियम. पुढे ती पळाली, पण शरीराचा आणि मनाचा त्रास सुटला नाही.

2017 मध्ये तिने अर्ज केला, की युद्धपीडितांच्या सरकारी यादीत माझं नाव घ्या. उत्तर आलं, नाही! 2011 च्या पीडित कायद्यात अट होती: बेकायदा सशस्त्र गटातली व्यक्ती पीडित धरायची नाही. अपवाद फक्त 18 पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडलेल्या मुलांचा. म्हणजे बघा, तुम्हाला आत कितव्या वर्षी नेलं हे बाजूला, बाहेर कितव्या वर्षी पडलात तेवढंच बघायचं.

डिसेंबर 2019 मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने हा नकार रद्द केला. स्वतःच्याच गटाने लादलेली गर्भनिरोधकं आणि गर्भपात हीसुद्धा युद्धातली लैंगिक हिंसा आहे, असं ठरलं. तिचं नाव यादीत घ्या, उपचार द्या, असा आदेश निघाला.

हाच वाद त्याआधी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातही झाला होता. काँगोतला बंडखोर सेनापती बॉस्को एन्टागांडा याचे वकील म्हणत होते, की युद्धाचा कायदा शत्रूपासून वाचवतो, आपल्याच माणसांपासून नाही. 2017 मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. 2019 मध्ये त्याला 30 वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याच गटातल्या बालसैनिक मुलींवरचे बलात्कार त्या गुन्ह्यांत धरलेले होते.

आता कुणी म्हणेल, मग यांनी ज्यांना मारलं त्यांचं काय? प्रश्न बरोबर आहे. पण पीडित म्हणणं म्हणजे माफी देणं नव्हे. तिने काही केलं असेल तर त्याची चौकशी वेगळी, आणि तिच्यावर जे झालं त्याची वेगळी. एलेनाला तर दुसरी चौकशी मागायलाच कोर्टात जावं लागलं.