पाच डॉलरचा दंड आणि शाळेचा फॉर्म

वाचकहो, मुलांना इथल्या शाळेत घालताना लसीकरणाचा फॉर्म आपण सर्वांनीच भरला आहे. बऱ्याच राज्यांत धार्मिक कारणासाठी सूट मागता येते. ही सूट म्हणजे राज्यघटनेने दिलेला हक्कच, असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

शाळेसाठी देवीची लस सर्वप्रथम सक्तीची केली ती मॅसॅच्युसेट्सने, १८५५ साली. पुढे १९०२ मध्ये केंब्रिज शहरात देवीची साथ आली आणि मोठ्या माणसांनाही टोचून घेण्याचा हुकूम निघाला. हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकांनी नकार दिला. तेही आपल्यासारखेच परदेशातून, स्वीडनहून, आलेले. लहानपणी लशीचा खूप त्रास झाला होता, असे त्यांचे म्हणणे होते. पाच डॉलरचा दंड न भरता त्यांनी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९०५ मध्ये ते सात विरुद्ध दोन मतांनी हरले. मात्र ज्याच्या प्रकृतीला लस सोसणार नाही, त्याच्यावर सक्ती करणे क्रूरपणाचे होईल, असेही त्याच निकालात म्हटले आहे. १९२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या शाळांमधली सक्तीही न्यायालयाने एकमताने मान्य केली.

मग धार्मिक सूट आली कुठून? ती दिली राज्यांच्या विधिमंडळांनी, आणि त्यांनीच ती काही ठिकाणी काढूनही घेतली. डिस्नेलँडमधून गोवर पसरल्यावर कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये वैयक्तिक श्रद्धेची सूट रद्द केली. गोवराच्या साथीनंतर न्यूयॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक सूट रद्द केली. उलट मिसिसिपीत २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने धार्मिक सूट सुरू झाली. वाद संपलेला नाही.

आपण मराठी माणसे तर त्या रोगालाच 'देवी' म्हणत आलो. तरीही अनेक घरांत देवीला नैवेद्य दाखवला जाई आणि मुलांना टोचूनही आणले जाई. माझ्या पिढीच्या दंडावर ती खूण अजून आहे.

तरुण आईवडिलांनो, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. वैद्यकीय सूट आहे ती अशांसाठी. त्याचे संरक्षण शेजारच्या बाकावरच्या मुलांनी लस घेण्यावर अवलंबून असते. फॉर्मवर सही करताना त्या मुलाचाही विचार करा.